खत वाढवण्याआधी माती थांबवा: उताराच्या कोरडवाहू रानासाठी पायरीपायरीने

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाला नाला आला की पुलावर गर्दी होते, मोबाईल निघतात, स्टेटस पडतात. पण त्या पाण्याचा जो रंग असतो तो आपल्याच रानातून उतरलेला असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि त्याच आठवड्यात तीच माणसं कृषी केंद्रावर डीएपीसाठी रांगेत उभी असतात. वरून खत टाकायचं आणि खालून माती सोडून द्यायची, असा हा कारभार वर्षानुवर्षं चाललाय.

हा लेख मुख्यतः मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नगरकडच्या मंडळींसाठी आहे. म्हणजे खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर फूट-दीड फूट ते चार-पाच फूट काळी किंवा मध्यम माती, एक ते तीन टक्के उतार आणि पीक सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी, हरभरा असं ज्यांचं रान आहे ते. कोकणासाठी थोडं शेवटाकडे लिहिलंय कारण तिकडचं गणित वेगळं आहे.

आधी हिशोब, म्हणजे कशासाठी एवढी खटपट ते कळेल

एक हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर माती गेली तर ती दहा घनमीटर होते, वजनात साधारण १३ टन. एकराला पाच टनांच्या वर. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार जाडीएवढं काहीतरी, डोळ्याला दिसणारच नाही. देशाची सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६.४ टन धरली जाते (अंदाज १९८० च्या दशकातला आहे पण अजून सगळीकडे तोच वापरतात), आणि हेक्टरी ११ टनांच्या आसपासची धूप सहन होण्यासारखी मानतात, तीही खोल जमिनीत. फूटभर मातीच्या रानाला एवढीसुद्धा परवडत नाही.

आता अन्नद्रव्यांचं बघू. आपल्या मातीत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के धरला तर एकरातून गेलेल्या त्या पाच टनांत २५ किलो कर्ब गेला आणि त्याच्याबरोबर अडीच किलोच्या आसपास नत्र. युरियात मोजलं तर साडेपाच किलो, म्हणजे तीस-पस्तीस रुपये, एवढ्यासाठी कोण कशाला बांध घालेल! पण हा हिशोब दोन ठिकाणी फसवतो. एक तर पाण्याबरोबर आधी जाते ती बारीक माती आणि कुजलेला हलका भाग, खडे-वाळू मागेच राहतात, त्यामुळे वाहून गेलेला गाळ शेतातल्या मातीपेक्षा जास्त कसदार असतो. आणि दुसरं म्हणजे खरा तोटा नत्राचा नाहीच, खोलीचा आहे. वर्षाला तीन मिलिमीटर गेली तर वीस वर्षांत सहा सेंटिमीटर जाते, आणि काळ्या मातीत सहा सेंटिमीटरच्या थरात पिकाला मिळू शकणारं पाणी असतं १० मिलिमीटरच्या आसपास. भर ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला की सोयाबीन एवढं पाणी दोन दिवसांत ओढतं. शेंगा भरायच्या वेळी ते दोन दिवस काय असतात हे ज्याचं रान बरड (उथळ, हलकं) आहे त्याला विचारा. युरिया टाकून ते दोन दिवस परत येत नाहीत.

पायरी पहिली: पावसात रानात जा

हे काम मे महिन्यात होत नाही. पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या घोंगता नाहीतर रेनकोट घेऊन निघा आणि माथ्यापासून पाण्याबरोबर खाली चालत या. वरच्या कुणाच्या रानातून पाणी आपल्यात कुठे शिरतं, कुठे पसरतं, कुठे एकवटून ओघळ पाडतं आणि शेवटी कुठून बाहेर पडतं हे सगळं एका कागदावर, अगदी वेडंवाकडं का होईना, काढून ठेवा. नाहीतर मोबाईलमध्ये लोकेशनसकट फोटो. पुढची सगळी कामं या कागदावर ठरणार आहेत. हे न करता जेसीबी बोलावणारे खूप आहेत, आणि मग बांध एकीकडे नि पाणी दुसरीकडे.

जाताना एक लिटरची रिकामी पारदर्शक बाटली न्या आणि शेतातून पाणी जिथून बाहेर पडतं तिथलं वाहतं पाणी भरून आणा, तळातला चिखल खरवडून नाही, वाहतं पाणी. रात्रभर ठेवा, वरचं पाणी हळूच ओतून द्या, खालचा गाळ ताटलीत वाळवा आणि सोनाराकडच्या किंवा घरातल्या छोट्या काट्यावर तोला. समजा पाच ग्रॅम निघाला. एका एकरावरून २५ मिलिमीटर पाणी वाहून गेलं तर ते एक लाख लिटर होतं, म्हणजे त्या एका पावसात पाच क्विंटल माती गेली. हिशोब ढोबळ आहे, एकाच पावसात सुरुवातीला नि शेवटी वेगळा आकडा येईल, पण घरातल्या माणसांना पटवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. गाळ बसलाच नाही, दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ-गढूळच राहिलं, तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे, म्हणजे चोपणाकडे चाललेली जमीन, तिथे आधी तपासणी.

दुसरी चाचणी आणखी सोपी. धुऱ्यावरच्या (हद्दीच्या बांधावरच्या) गवताखालचं लिंबाएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या आणि तेवढंच नांगरलेल्या रानातलं, दोन ग्लासात पाणी घेऊन अलगद सोडा. रानातलं ढेकूळ पाच-दहा मिनिटांत विरघळून बसतं, गवताखालचं बऱ्याचदा तसंच तग धरून राहतं. माती तीच, दोन्ही जागा दहा फुटांवर, फरक फक्त वापराचा. एकीकडे वर्षभर मुळं आणि पालापाचोळा, दुसरीकडे दरवर्षी नांगर, रोटाव्हेटर आणि सहा महिने उघडं. मुळांच्या नि जिवाणूंच्या चिकट द्रव्याने मातीचे कण एकमेकांना धरून असतात, तो कर्ब संपला की पावसाच्या थेंबाने कण सुटतात, भेगा-छिद्रं बुजतात, वर पापडी येते आणि पाणी मुरायचं सोडून पळायला लागतं.

पायरी दुसरी: नमुने वरचे वेगळे, खालचे वेगळे

माती परीक्षण बरेच जण करतात पण सगळ्या रानाचा मिळून एकच नमुना देतात, आणि उताराच्या शेतात हीच गडबड आहे. माथ्याची माती धुऊन गेलेली असते, तळाला ती येऊन बसलेली असते, दोन्ही मिसळलं की जो सरासरी रिपोर्ट येतो तो ना वरच्या पट्ट्याला लागू ना खालच्या. म्हणून वरचा, मधला, खालचा असे तीन नमुने काढा. प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा (२० सेंटिमीटर) करायचा, त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची खाप वरपासून खालपर्यंत काढायची, सगळं एका घमेल्यात मिसळून ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. धुऱ्याजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, खत टाकल्यावर लगेच नमुना घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत तर अजिबात भरू नका. जस्त-लोह तपासायचं असेल तर लोखंडी खुरप्याऐवजी लाकडाची काडी वापरा.

मृद आरोग्य पत्रिका घरात असेल तर ती बघा जरूर, पण त्यात कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना धरलेला असतो. म्हणजे तो नमुना तुमच्या शेतातला असेलच असं नाही. त्यावरून अंदाज घ्या, खताचा डोस नको.

रिपोर्ट आल्यावर सगळ्यात आधी सेंद्रिय कर्ब बघा. ०.४० च्या खाली म्हणजे कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम, त्याच्या वर असेल तर नशीबवान. मग सामू (पीएच): ७.५ ते ८.५ आपल्याकडे नेहमीचंच, ८.५ च्या वर गेला तर सावध. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या आत म्हणजे कमी, आणि ते बहुतेक कोरडवाहू रानांत कमीच येतं, घाबरू नका. चुनखडीच्या जमिनीत जस्त नि लोह कमी दाखवतात, माती अल्कधर्मी असली की ती असूनही पिकाला लागू होत नाहीत.

याच फेरीत पहार घेऊन मुरूम किती खाली लागतो तेही वर-मध्ये-खाली बघून घ्या. हा आकडा रिपोर्टमध्ये येत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. वर नऊ इंच नि खाली तीन फूट निघाली तर ते एक शेत नाही, दोन शेतं आहेत, त्यांना पीकही एक नको नि खतही एक नको.

पायरी तिसरी: पेरणीची दिशा, आणि वाटणीचं दुखणं

यात पैसे लागत नाहीत आणि तरी हेच होत नाही. उताराला आडवी नांगरट, आडवी पेरणी, आडवा डवरा (कोळपणी). प्रत्येक ओळ छोटा बांध होते, पाणी थबकत जातं. उभी पेरणी केली की प्रत्येक तास पाटासारखा वाहतो.

सगळ्यांना हे माहीत आहे, मग उभी पेरणी का? कारण वाटण्या. रस्त्याला तोंड सगळ्या भावांना पाहिजे आणि नाल्याचं पाणीही सगळ्यांना पाहिजे, म्हणून शेत वरून खालपर्यंत लांब पट्ट्यात कापलं जातं. तीस मीटर रुंद नि तीनशे मीटर लांब पट्टा असेल तर ट्रॅक्टरवाला लांबीनेच पेरणार, आडवं पेरायचं तर दर तीस मीटरला वळण, डिझेल, कोपरे मोडतात, तो तासाचा भाव वाढवून सांगतो. १९४२ च्या कायद्यापासून आपल्याकडे सरकारी समतल बांधबंदिस्ती झाली, दुष्काळी कामांत तर गावंच्या गावं बांधांनी भरली, पण ते बांध समपातळीत गेले, मालकी हद्दीने नाही. शेताच्या मधूनच तिरके बांध, वखराला अडचण, शेजाऱ्याशी वाद, त्यामुळे लोकांनी हळूहळू ते मोडले आणि हद्दीचे तेवढे ठेवले. शेतकरी अडाणी म्हणून मोडले नाहीत, बांध शेताच्या आकाराला बसत नव्हते म्हणून मोडले. हे समजून घेतलं तर मार्ग निघतो.

मार्ग असा की दोन-तीन भाऊबंद तयार झाले तर पेरणीपुरतं धुरे विसरून सगळे पट्टे मिळून आडवं पेरायचं, काढणीला पुन्हा आपापलं मोजून घ्यायचं. हे जमतं तिथे फार छान जमतं, पण घराघरात जमत नाही हेही खरं. नाही जमलं तर उभ्या पट्ट्याला दर तीस-चाळीस मीटरवर मीटरभर रुंद आडवी गवताची पट्टी सोडा, तिच्यावरून ट्रॅक्टर अवजार उचलून पुढे जाऊ शकतो. मारवेल लावला तर जनावरांना चारा, वाळा लावला तर माती जास्त धरतो पण जनावर फारसं खात नाही. मी दूधवाल्याला मारवेल सांगीन आणि बाकीच्यांना वाळा, ठोंब वीतभर अंतरावर, अधल्यामधल्या जागा पहिल्याच वर्षी सांधून घ्या, कारण पट्टीत एक जागा मोकळी राहिली की सगळं पाणी तिथूनच घुसतं.

रुंद वरंबा सरी म्हणजे बीबीएफवर पेरणी बऱ्याच ठिकाणी आलीय आणि सोयाबीनला ती चांगलीच आहे, तीन-चार ओळींचा वरंबा, दोन्ही अंगाला सरी, कमी पावसात पाणी मुरतं, जास्त पावसात निचरा होतो. फक्त बीबीएफ उभं चालवू नका. उभ्या उतारावर त्या सऱ्या म्हणजे माती न्यायला केलेले पाट होतात, आणि मग लोक म्हणतात यंत्र बोगस. सरी आडवी, किंचित ढाळ देऊन, आणि तिचं तोंड कुठे उघडणार ती जागा आधी पक्की. यंत्र मिळालं नाही तर साधी पेरणी करून पीक तीस-पस्तीस दिवसांचं झालं की डवऱ्याला दोरी गुंडाळून दर चार-सहा ओळींनंतर एक सरी काढा, विदर्भात हे जुनंच आहे.

पायरी चौथी: समपातळी काढणं आणि बांध

डोळ्याने समपातळी कळत नाही, कितीही अनुभव असला तरी. चौदा-पंधरा मीटर पारदर्शक नळी, दोन सारख्या उंचीच्या काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा. नळी काठ्यांना बांधा आणि पाणी भरा, पण आतला बुडबुडा पूर्ण काढा, एक बुडबुडा राहिला तरी सगळं माप चुकतं. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा ठेवायचा नाहीतर पाणी सांडून पुन्हा पहिल्यापासून. आधी उतार काढा: काठ्या उताराच्या दिशेने दहा मीटर अंतरावर धरल्या आणि पाण्याच्या पातळीत २० सेंटिमीटर फरक आला तर उतार दोन टक्के. मग समपातळी काढा: एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने वर-खाली सरकत दोन्हीकडे सारखा आकडा येईल ती जागा शोधायची, तिथे फक्कीची (पांढऱ्या भुकटीची) चिमूट टाकायची, की पहिल्याने त्याच्या पुढे जायचं. सगळ्या खुणा झाल्या की रेघ थोडी सरळ करून घ्या, फार वळणं ठेवली तर अवजार फिरत नाही.

दोन बांधांतलं अंतर उतारावर ठरतं. नेहमीच्या सूत्राने (उताराच्या टक्क्याला ३ ने भागा, २ मिळवा, ०.३ ने गुणा, म्हणजे दोन बांधांतला उभा फरक मीटरमध्ये) एक टक्का उताराला ७० मीटर, दोन टक्क्याला ४० आणि तीन टक्क्याला ३० मीटर अंतर येतं.

आता मातीप्रमाणे फरक. हलक्या-मध्यम रानात, पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आत असेल तर समतल बांध ठीक. खोल काळ्या रानात आणि जास्त पावसात समतल बांध घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, शिवाय उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात आणि पहिल्या पावसात पाणी भेगेत शिरून बांध फोडतं. तिथे ढाळीचे बांध घ्या, शंभर मीटरला २० ते ४० सेंटिमीटर ढाळ, पाणी हळूहळू चालत गवताच्या सांडव्यातून नाल्याला जाईल. बांधाची माती पहिल्या पावसाळ्यात बसते म्हणून उंची थोडी जास्तच धरा आणि सांडवा दगडाचा, बांधाच्या माथ्यापेक्षा खाली. सांडवा नसलेला बांध फुटतोच, मग साधी धूप परवडली असं होतं कारण एका रात्रीत घळ पडते.

बांध कोरणं हा तर स्वतंत्र विषय आहे! दरवर्षी नांगराचा एक फाळ इकडे, एक फाळ तिकडे, आणि चार वर्षांत धुऱ्याचा वीतभर पट्टा राहतो. कोर्टात जाणारी भांडणं याच्यावर होतात, पण धुऱ्यावर दोन्ही बाजूंनी गिरिपुष्प लावून टाकलं तर नांगर आपोआप लांब राहतो. छाट कलमाने किंवा बियाने येतं, मोकाट जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, शेंगवर्गातलं आहे त्यामुळे पाल्यात नत्र चांगला, पावसाळ्यात दोन वेळा छाटून पाला ओळींत पसरायचा. आमच्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात.

पायरी पाचवी: उघडं रान झाका

सोयाबीन पेरल्यापासून ओळी मिळेपर्यंत महिना-सव्वा महिना जमीन उघडी असते, आणि मोठे पाऊसही नेमके त्याच काळात. कपाशीचं आणखी वाईट, चार-चार फुटांवर ओळी. म्हणून कपाशीत मूग-उडीद, सोयाबीनमध्ये तूर, बाजरीत तूर ही आंतरपिकं फक्त जास्तीच्या उत्पन्नासाठी नाहीत, मूग लवकर पसरून थेंबाचा मार झेलतो आणि मागे नत्र सोडतो. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू संशोधनाचं केंद्र आहे, तिकडच्या रब्बी ज्वारीच्या भागात पावसाळ्यात रान मोकळं राहतं तिथे सारायंत्राने कप्पे पाडून ठेवायची शिफारस आहे, साधारण दहा बाय दहा मीटरचे, उतार जास्त असेल तर लहान. पडलेलं पाणी ज्या त्या कप्प्यात मुरतं, ज्वारीला ओल मिळते आणि माती हलत नाही.

रोटाव्हेटरबद्दल स्पष्ट बोलतो, मे महिन्यात रोटाव्हेटर मारून रान पिठासारखं करणं बंद करा. दिसायला छान दिसतं, पहिल्या पावसात पापडी धरतं. खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरते, एरवी वखराच्या पाळ्या.

आणि जाळणं. कुटार (मळणीचा भुसा) धुऱ्यावर पेटवून देतात, गव्हाची धसकटं पेटवतात, उसाचं पाचट तर पेटवायची रीतच झालीय. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यात ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश असतो, जाळलं की नत्र आणि कर्ब हवेत, पालाश राखेत राहतो पण राख वाऱ्या-पाण्याने जाते. खोडवा ठेवणाऱ्याने सरीआड पाचट दाबून त्यावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकावं, कुजायला लागतं. पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं) मात्र जपून. ती रानात उभी ठेवली किंवा धुऱ्यावर रचली तर गुलाबी बोंडअळी त्यातच राहते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत काढून श्रेडरने बारीक करून खड्ड्यात कुजवा.

पायरी सहावी: आता खत

मुद्दाम इतक्या उशिरा लिहितोय. माती थांबली नाही तोपर्यंत वर फेकलेलं खत थांबत नाही. स्फुरद चिकणमातीच्या कणांना धरून बसतो, मातीबरोबर जातो, म्हणून डीएपी किंवा सुपर फॉस्फेट फेकू नका, तिफणीने बियाच्या खाली-बाजूला पेरा. सोयाबीनला मी सुपर फॉस्फेट सांगतो, १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक फुकट येतं आणि तेलबियांना ते लागतंच. नत्र पाण्यात विरघळून जातो, कपाशीला तो दोन-तीन हप्त्यांत, वाफशावर, आणि मोबाईलवर दोन दिवसांत मोठा पाऊस दाखवत असेल तर हात आवरा.

वरच्या उथळ पट्ट्याला शेणखत जास्त, रासायनिक बेताने, तिथे ओलच टिकत नाही तर जास्त युरियाचं पीक करणार काय. खालच्या गाळाच्या पट्ट्यात स्फुरद-पालाश बऱ्याचदा पुरेसं निघतं, तिथले पैसे वाचवा. शेणखताचे ढीग एप्रिलमध्ये टाकून पेरणीपर्यंत तसेच ठेवतात, उन्हाने बराच नत्र उडतो आणि वळवाने ढिगाची कड धुऊन जाते. टाकलं की त्याच दिवशी पसरून मातीआड करा.

धरणा-तलावातला गाळ आणायचा असेल (२०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे) तर फक्त हलक्या रानात. एका एकरावर एक इंच थर द्यायला ३६ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो, म्हणजे ब्रासभर भरणाऱ्या ट्रॉलीच्या ३६ खेपा. आधी गाळ तपासून घ्या, क्षार जास्त असतील तर विकतचं दुखणं होईल. आणि बांध नसलेल्या रानात गाळ टाकणं म्हणजे त्याच तलावाला परत पाठवणं.

माथ्याची बरड आणि गावाची जमीन

नऊ इंचाच्या आत माती आणि उतारही जास्त, अशा तुकड्यात नांगर घालूच नका. सलग समतल चर, त्याच्या खालच्या मातीवर गवत, आणि सीताफळासारखं झाड. पहिल्या तीन वर्षांत उत्पन्न काही नाही, गवताचे भारे तेवढे, पण खालच्या रानावर येणारा पाण्याचा लोंढा कमी होतो हे त्याच पावसाळ्यात दिसतं. मोकाट चराईत मात्र यातलं काही टिकत नाही. हिवरे बाजारला चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी आधी ठरली, पाण्याचा हिशोब लावून उसासारखी पिकं नाकारली, चरांची चर्चा सगळे करतात पण हे नियम सांगायचं विसरतात. जालन्याच्या कडवंचीतही माथा ते पायथा अशीच कामं झाली, वरून खाली. ओघळीतल्या दगडी बांधांनाही तोच क्रम, पहिला बांध ओघळ जिथून सुरू होते तिथे, दगड दोन्ही काठांत घुसवलेले आणि मध्यभाग कडांपेक्षा खाली, म्हणजे पाणी मधून सांडेल, बाजूने काठ खाणार नाही.

कोकणातल्यांसाठी थोडक्यात: तिकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, जांभ्याची आम्ल माती, चुना-पालाश धुऊन जातात आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतं. वरकस उतारावर नाचणी करून दरवर्षी राब जाळण्यापेक्षा पायऱ्या, आंबा-काजूच्या बुडाशी उताराच्या खालच्या अंगाने अर्धचंद्राकृती बांध, आणि सड्यावरचं गवत जाळायचं सोडून आच्छादन. भाताला सगुणा तंत्राने कायमचे गादीवाफे ठेवून चिखलणी टाळणारे बरेच झालेत, मुळं जमिनीतच ठेवायची, ते बघून या.

बांध फुटला तर

फुटतो कधीतरी, ऑगस्टमध्येच, आणि हातात सगळी कामं असताना. ओली चिखलाची माती ओढून लगेच बुजवू नका, पुढच्या पावसात तेवढाच तुकडा परत जातो. आधी पाणी का तिथूनच फुटलं ते बघा, बहुतेक वेळा वरच्या शेजाऱ्याने नवीन चारी काढलेली असते किंवा सांडव्यात कुटार अडकलेलं असतं, नाहीतर उंदराचं बीळ. सांडवा मोकळा करा, फुटीच्या तोंडाशी माती भरलेली पोती एकाआड एक रचा, त्यांच्यातून पाणी झिरपू द्या, पूर्ण अडवू नका. वाफसा आला की फुटीच्या दोन्ही कडा पायरीसारख्या कापून घ्या म्हणजे नवी माती जुन्यात धरेल, मग वीत-वीत थर टाकून धुमसाने ठोकत वर या आणि वरून लगेच मारवेलाचे ठोंब. शेजाऱ्याच्या चारीचा विषय त्याच दिवशी पावसात उभं राहून काढू नका, डोकी तापलेली असतात, दिवाळीनंतर दोघांनी नळी घेऊन रानात जा.